तिकडे कोणी जात नाही

तिला गावात सगळे कार्डवाली म्हणत. खरं नाव होतं, चांगलं चार अक्षरी होतं, पण ते शाळेच्या दाखल्यावर आणि केंद्राच्या हजेरीत राहिलं. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पिवळ्या आणि हिरव्या कार्डांचे गठ्ठे, तीन जाड पेनं, चिकटपट्टी आणि घेवड्याच्या दाण्यांची एक बरणी, एवढा तिचा सरंजाम. किनारा केंद्राने तिला नेमलं होतं ते लोकांच्या अडचणी लोकांच्याच तोंडून वदवून घ्यायला. पिवळ्या कार्डावर अडचण, हिरव्यावर उपाय. एका कार्डावर एकच गोष्ट. मग सगळी कार्डं जमिनीवर मांडायची आणि प्रत्येकाला पाच दाणे द्यायचे. ज्याला जी अडचण मोठी वाटेल तिच्यावर त्याने दाणे ठेवायचे.

पहिल्याच बैठकीत जाळी विणणारा एक म्हातारा म्हणाला, "लिही, आमची अडचण ही की तुम्ही लोक सारख्या बैठका घेता." तिने मान वर न करता लिहून घेतलं. त्या कार्डावर अकरा दाणे पडले आणि अहवालात ती अडचण सहाव्या क्रमांकावर गेली. केंद्राचे साहेब वाचून हसले, पण त्यांनी ती खोडली नाही.

तिला या कामाचा अभिमान होता, आणि का नसावा? प्रशिक्षणात एका चष्मेवाल्या बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं, 'आपण लेखणी आहोत, जीभ नाही.' लोक बोलतील ते लिहायचं, त्यांच्याच शब्दांत, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. तिने हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्या दोन रेघांनीच तिचा घात केला असं मला वाटतं, पण ते पुढे.

ती याच गावची. आई शिंपल्या काढणारी. लग्न झालं तेही गावातच, धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाशी. त्याच्या घरात आधीच भावांची इतकी दाटी होती की जावई आपणहून सासूच्या दोन खोल्यांत राहायला आला. कामावरून आला की तो चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसे. कप गार झाला तरी सोडत नसे. हंगाम संपला की कारखान्यातल्या पाळ्या कमी होत, आणि मग घर चालत असे ते बायकोच्या पगारावर आणि सासूच्या टोपलीवर. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर ओढाताण, दोन्ही बंद पडली तर काय, हा विचार त्या घरात कोणी मोठ्याने करत नसे.

शिंपल्या काढायचं काम पाहायला सोपं वाटतं. ओहोटी लागली की खाडीचं पाणी मागे सरतं आणि चिखल उघडा पडतो. एक गुडघा फळीवर टेकायचा, दुसऱ्या पायाने चिखल मागे लोटत सरकायचं, खुरप्याने वरचा थर उलटायचा आणि बोटांनी चाचपायचं. दगड कोणता, रिकामं कवच कोणतं आणि जिवंत शिंपली कोणती हे बोटांना कळायला दोन वर्षं लागतात. पण या धंद्यात मुलीला खुरपं मिळायच्या आधी एक गोष्ट शिकवली जाते, आणि ती बोटांची नाही, जिभेची.

कार्डवाली सात वर्षांची असताना दुकानदाराने गोड आवाजात विचारलं होतं, "एवढ्या मोठ्या शिंपल्या आई कुठून आणते गं?" पोरीने हात करून दाखवलं. आईने मारलं नाही. दोन दिवस बोलली नाही आणि महिनाभर चिखलावर नेलं नाही. मग एका सकाळी पायरीवर समोर बसवलं.

"कोणी विचारलं तर काय सांगायचं?"

"माहीत नाही म्हणायचं."

"माहीत नाही म्हटलं की लोक जास्त विचारतात. म्हणायचं, तिकडे नुसता गाळ आहे, तिकडे कोणी जात नाही. म्हण."

"तिकडे कोणी जात नाही."

"तोंड पाडून नको. जांभई दिल्यासारखं म्हण."

हे खोटं बोलणं नव्हतं, निदान त्या बायकांच्या लेखी नव्हतं. धंद्यातल्या प्रत्येकीला त्याचा अर्थ ठाऊक होता: सगळ्यात भरलेली जागा तीच. त्यांच्या थट्टामस्करीतसुद्धा ते वाक्य मुरलं होतं. एखादीला चहा झकास जमला की दुसरी घोट घेऊन म्हणे, "तिकडे कोणी जात नाही गं." नव्या नवरीला नवऱ्याबद्दल विचारलं आणि तिने लाजून तेच उत्तर दिलं की चिखलभर हशा पिकायचा.

आणि हे वाक्य पाळायला कारणही होतं. गावाच्या उगवतीकडे पूर्वी असाच एक भरलेला चिखल होता. एकीने कौतुकाने दिराला सांगितलं, दिराने पंपवाल्याला. पंपवाल्याची होडी भरतीला आली, जाड नळी खाली सोडून चिखलासकट सगळं ओढून घेतलं, बारीक पिल्लंसुद्धा. एका हंगामात तिथे खड्डा उरला. ज्या बाईने सांगितलं तिला कोणी वाळीत टाकलं नाही, भांडलंही नाही. फक्त त्या दिवसापासून तिचं नाव मुकी पडलं, आणि गंमत म्हणजे ती त्यानंतर इतकी बडबडायला लागली की आजतागायत थांबलेली नाही. एवढंच, की त्या बडबडीत कामाचं काही नसतं.

आता राहिला होता तो पाठीमागचा चिखल. बंधाऱ्याच्या पल्याड, वळणाआड, सतरा बायकांचं पोट त्याच्यावर.

तर केंद्राची मोठी बैठक भरली ती शाळेच्या लांबड्या वर्गात. साहेब तरुण होते, मऊ बोलायचे आणि खुर्ची दिली तरी सतरंजीवर बसायचे. पहिल्या दिवशी अडचणी झाल्या. सगळ्यात जास्त दाणे पडले 'खाडी काठ खाते' या कार्डावर, आणि ते खरंच होतं. उधाणाच्या भरतीला काठावरच्या घरांखालची माती जात होती. मुकीच्या स्वयंपाकघराची मागची भिंत अर्धी खाडीत होती. ती सांगायची, "मी भांडी घासत नाही, खाडीच घासून नेते." उपाय ठरला खारफुटीचा. काठापुढच्या चिखलात झाडं लावायची, म्हणजे लाटेचा जोर मोडेल, मासोळीच्या पिल्लांना आसरा होईल. कोणी नाही म्हणण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नकाशा झाला. फरशीवर खडूने खाडी काढली, चिखलाच्या चार जागांना आकडे दिले; पाठीमागच्या चिखलाला चार आकडा पडला. साहेब म्हणाले, "कोणाच्या पोटावर पाय येता कामा नये. तुम्ही शिंपल्या कुठे काढता ते सांगा. ती जागा आम्ही सोडू."

असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. माणूस मनापासून विचारत होता. पण बायकांनी आधी खिडकीजवळ पाहिलं. तिथे गावसमितीचा सभासद म्हणून पंपवाला मांडी घालून बसला होता आणि दात कोरत होता.

"दोन आणि तीन," एक म्हणाली.

"हो, दोन आणि तीन," बाकीच्या म्हणाल्या. दोन आणि तीनवर औषधाला शिंपली सापडत नाही.

"आणि चार?" साहेबांनी विचारलं.

कार्डवालीची आई जांभई आवरल्यासारखी बोलली, "तिकडे नुसता गाळ आहे. तिकडे कोणी जात नाही."

मग बाकीच्या सोळाजणींनी तेच सांगितलं, एकीमागून एक. कार्डवाली लिहीत गेली. तिच्या ओठांवर हसूसुद्धा आलं होतं, कारण एवढ्या मोठ्या माणसांसमोर ते घरचं वाक्य ऐकताना तिला मजा वाटली. आपण यांच्यातल्याच आहोत, आपल्याला कळतं आणि साहेबांना कळत नाही, याचा तो आनंद होता. तिने लिहिलं: जागा चार, वापर नाही. खाली सतरा अंगठे आणि सह्या घेतल्या. लोक बोलतील ते लिहायचं. तिने लिहिलं.

पाच महिन्यांनी केंद्राच्या वरच्या मजल्यावर भिंतीवर मोठा रंगीत नकाशा लागला. ती हजेरी लावायला गेली आणि जिन्याच्या तोंडाशीच थबकली. दोन आणि तीन निळ्या रंगात होत्या, खाली लिहिलं होतं 'शिंपल्यांसाठी राखीव'. चार हिरवीगार होती.

साहेब मात्र खुशीत होते. "ताई, तुमचं गाव सगळ्यात पुढे आहे. वरच्यांना तुमची वही दाखवली. लोकांनी स्वतः निवडलेली जागा, सतराच्या सतरा सह्या. असं कुठे होत नाही."

"साहेब," ती म्हणाली, "चारवर... चारवर शिंपल्या असतील तर?"

साहेबांनी कपाट उघडून वही काढली, पान काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. अक्षर तिचंच होतं, नेहमीप्रमाणे वळणदार. "हे तुम्ही लिहिलंत. लोक चुकीचं बोलले का?"

खालच्या अंगठ्यांवरून आणि सह्यांवरून तिने बोट फिरवलं.

"चुकीचं बोलले असतील तर काही बिघडलं नाही," साहेब समजुतीने म्हणाले, आणि ते खरंच समजूतदार होते, हेच तर दुखणं. "बैठक घेऊ. बायकांनी उघड सांगावं, किती शिंपल्या, कोणत्या भागात. मोजणी करू, नकाशावर खूण करू, फलक लावू. मग एक रोपसुद्धा तिथे लागणार नाही. माझा शब्द."

नकाशावर खूण. फलक. आणि खिडकीशी पंपवाला. तिला तिथेच सगळं दिसलं. सांगितलं तर पंप, न सांगितलं तर झाडं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि तिने साहेबांच्या एकट्याच्या कानात सांगावं, तर साहेबांना कागद लागतो, आणि कागद भिंतीवर लागतो.

घरी आई पायरीवर खुरप्याला धार लावत होती. कार्डवालीने पिशवी उतरवली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. आईचा हात थांबला नाही. दगडावर पातं घासत राहिलं.

"चारवर झाडं?"

"हो."

"कोणी सांगितलं चारवर कोणी जात नाही म्हणून?"

"तूच सांगितलंस, आई! तुम्ही सगळ्यांनी सांगितलंत. सतराजणींनी!"

आता हात थांबला. आईने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, नवलाने, जणू पोर एवढी शिकली आणि तिला साधं एवढं कळू नये.

"आम्ही साहेबाला सांगितलं," ती म्हणाली. "तुला कुठे सांगितलं? तुला तर ठाऊक होतं."

कार्डवाली या बोलण्याचं उत्तर त्या रात्रीच नाही, पुढे कितीतरी दिवस शोधत राहिली. आपण लेखणी, जीभ नाही, असं आईला सांगून पाहावं असं मनात आलं, पण ते इतकं पोकळ होतं की तोंडापर्यंत आलं नाही. तिने आईचंच वाक्य वहीत लिहिलं होतं आणि अर्थ मात्र बाहेर ठेवला होता. तिचीच चूक होती, आणि तरीही तिने नियम मोडला नव्हता. चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येईना, म्हणून ती निस्तरताही येईना.

साहेबांनी बैठक ठेवली. आदल्या दिवशी सगळ्या बायका आईच्या घरी जमल्या, दाराला कडी घालून. दोन खोल्यांत अठरा बायका, त्यांचा घाम आणि मुकीची अखंड बडबड.

"सांगून टाकू," एक तरुण बाई म्हणाली. "साहेब चांगला आहे."

"साहेब चांगला आहे," आई म्हणाली, "पण साहेबाची बदली होते. पंपवाल्याची होत नाही."

"मग झाडं येऊ द्यायची?"

"झाडाचं काय सांगावं. लागतं, नाही लागत. दोन उधाणं आली की अर्धी वाहून जातील. चिखल जागेवर राहील. पंप आला तर चिखलच राहत नाही. उगवतीकडचं विसरलात?"

मुकीकडे कोणीच पाहिलं नाही. ते न पाहणं इतकं उघड होतं की मुकी बोलता बोलता थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "माझी भिंत जातेय गं. झाडं आली तर भिंत राहील. मी यात काही बोलायची नाही. मी बोलले की काय होतं ते माहीत आहे." आणि ती खरंच, तेवढा वेळ तरी, मुकी बसली.

कार्डवालीने पहाटे उठून एका पिवळ्या कार्डावर लिहिलं, 'जागा चारवर आमच्या शिंपल्या आहेत.' खाली नाव नाही. केंद्राच्या माणसाने स्वतः कार्ड टाकायचं नाही असा नियम होता, आणि गावातल्या बायकांत असं वळणदार अक्षर एकीचंच होतं. तरी तिने ते पिशवीत ठेवलं. बैठकीत इतर कार्डं मांडताना तिचा हात तीनदा पिशवीत गेला.

साहेबांनी विचारलं, अगदी सरळ, "जागा चारवर कोणी जातं का? आज सांगा. आज बदलता येईल."

वर्गात पंखा फिरत होता. पंपवाल्याने दात कोरणं थांबवलं. बायका आईकडे पाहत होत्या आणि आई लेकीकडे. त्या नजरेत धाक नव्हता, विनवणीही नव्हती. पायरीवर बसवून शिकवताना होती तशीच ती नजर होती: म्हण.

पण म्हणायचं लेकीने नव्हतं. आईच म्हणाली, "तिकडे कोणी जात नाही."

कार्डवालीने लिहिलं. पेनाचं टोपण लावताना तिच्या लक्षात आलं की पिशवीतलं कार्ड मुठीत चुरगळून घामाने ओलं झालंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि इथे तोंड दाबणारा हात आपलाच.

लागवड झाली. रोपं लावायला केंद्राने बायकाच घेतल्या, चिखलात त्यांच्याइतकं चपळ कोण? दोन ओहोट्यांत बाराशे रोपं लागली. खड्डा घेताना बोटांना शिंपल्या लागत होत्या, गच्च, थराथराने. कोणी एक उचलली नाही, कारण बंधाऱ्यावर पाहुणे फोटो काढत होते. बाराशे वेळा त्या बायकांनी शिंपल्या चाचपल्या आणि त्यांच्यावर झाड दाबलं. मुकी त्या दोन्ही दिवशी एक शब्द बोलली नाही.

आणि मग कार्डवालीचं नवं काम सुरू झालं. दर पंधरा दिवसांनी रोपं मोजायची, मेलेल्यांच्या जागी नवी लावायची. साहेबांनी बंधाऱ्यावरच्या खोलीत बदली रोपांच्या पिशव्या ठेवल्या होत्या.

पहिल्या मोजणीला चौतीस रोपं नव्हती. ती वाहून गेलेली नव्हती. वाहून गेलेल्या रोपाच्या जागी खळगा गुळगुळीत होतो. इथे चिखल खुरप्याने उलटलेला होता, पात्याची तिरपी खूण उजवीकडून डावीकडे. डावखुरी बाई त्या सतराजणींत एकच होती. कार्डवालीने त्याच हाताने भरवलेले घास खाल्ले होते.

तिने वहीत लिहिलं, 'उधाणात गेली.' आयुष्यात पहिल्यांदा तिने आपल्या पदरचं काही घातलं. मग चौतीस नवी रोपं आणून लावली.

पुढच्या पंधरवड्यात एक्केचाळीस. पुन्हा 'उधाणात गेली', पुन्हा लावली. पुढे आकडा शेकड्यांत गेला, तिने लावलेलीही मरू लागली, आणि सगळी भरून काढणं तिच्याच्याने होईना. घरात कोणी अवाक्षर काढत नव्हतं. संध्याकाळी पाण्याच्या पिंपाशी दोघी पाय धूत, आधी आई, मग लेक, आणि दोघींच्या घोट्यांवरून तोच काळा चिखल उतरत असे. जेवताना आई तिच्या ताटात वाढे, ती आईचा पेला भरे. टोपलीत थोड्या शिंपल्या असत. त्या कुठल्या हे कोणी विचारत नसे. एक उपटत होती, एक लावत होती, आणि दोघी एकमेकींशी इतक्या जपून वागत की जावई एकदा म्हणाला, "माझ्या कारखान्यात यापेक्षा ऊब आहे."

कार्डवालीला झोपेतसुद्धा रांगा दिसू लागल्या. रोपं जगली तर आईची जागा जाते. मेली तर आपली. तिने आईला कधी थांब म्हटलं नाही, कारण थांब म्हणायचा हक्क तिने त्या पहिल्या वहीतच गमावला होता. आणि लावायचं ती सोडू शकत नव्हती, कारण हंगाम संपला होता, बर्फाच्या कारखान्यात आठवड्याला दोनच पाळ्या उरल्या होत्या. मुकीची भिंतही होती. लावलेल्या प्रत्येक रोपागणिक ती एकीचं घर वाचवत होती आणि एकीचं पोट मारत होती. बरं, एक समोर राहणारी, दुसरी घरातलीच.

मग पत्र आलं. सकाळच्या चहाच्या वेळी आलं आणि नेमकी ती अंघोळीला गेली होती. जावयाने पाकीट फोडलं आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचलं. वर्षअखेर शंभरात सत्तर रोपं जगलेली दिसली नाहीत तर या गावातलं काम बंद करण्यात येईल आणि संबंधित कार्यकर्तीची नेमणूक संपुष्टात येईल.

"संपुष्टात म्हणजे?" सासूने विचारलं.

"संपली म्हणजे."

"आत्ता किती आहेत शंभरात?"

"तिच्या वहीत चौसष्ट."

सासू उठली. खुरपं उचललं, टोपली उचलली आणि ती ओहोटीला निघून गेली.

कार्डवालीने पत्र वाचलं, बंधाऱ्यावरच्या खोलीतून साठेक रोपांची मोळी बांधली आणि तीही खाली उतरली. मोजणीचा दिवस नव्हता. आजवर ती मोजणीच्या दिवशीच येत असे, आणि आई त्या दिवशी येत नसे. तेवढी एक सभ्यता दोघींनी पाळली होती.

आई तिसऱ्या रांगेत होती. एक गुडघा फळीवर, डाव्या हातात खुरपं. टोपली रिकामी. लेक दिसली तरी ती दचकली नाही. लेकही थांबली नाही. चिखल पिंडऱ्यांपर्यंत घेत ती जवळ आली आणि मोळी खाली ठेवली. दोघींच्या मध्ये नुकताच उकरलेला एक खळगा होता, आणि त्याच्या कडेला दोन मोठ्या शिंपल्या उघड्या पडल्या होत्या, पाणी सोडत.

कार्डवाली वाकली आणि हातानेच त्या खळग्यात रोप बसवू लागली. तिला आईकडे पाहवत नव्हतं. तिला रडू येत होतं आणि हात चिखलाने भरल्यामुळे पुसताही येत नव्हतं.

"वाकडं लावतेस," आई म्हणाली.

लेकीने वर पाहिलं.

"मुळं वर राहतात तुझी. म्हणून मरतात. मी उपटलेली तेवढीच मेली असं समजू नकोस." तिने फळी जवळ सरकवली, खुरप्याने खळगा खोल केला, त्या दोन शिंपल्या उचलल्या, क्षणभर तळहातावर तोलल्या आणि टोपलीत न टाकता पुन्हा खळग्याच्या तळाशी ठेवल्या. मग हात पुढे केला. "दे इकडे."

"आई, नको. तू नको लावू."

"मग कोण लावणार? सत्तर व्हायला हवीत ना?"

लेकीने रोप दिलं. आईने ते सरळ धरलं, भोवती चिखल ओढला, मुठीने दाबला. मग दुसरं. मग तिसरं. रोप लेक देत होती, आई लावत होती. पाचव्या की सहाव्या रोपाला वळणावरून होडीचा आवाज आला. पंपवाल्याची होडी होती. नळी गुंडाळून ठेवलेली, पाण्याची वाट पाहत तो काठाकाठाने चालला होता. मायलेकींना पाहून त्याने इंजिन मंद केलं आणि हात तोंडाशी धरून ओरडला, "काय काकू! शिंपल्या आहेत का तिकडे?"

आई गुडघ्यापर्यंत चिखलात होती. चिखल तिच्या कोपरांपर्यंत होता. तिने आळसावून मान वर केली, जांभई दिल्यासारखी.

"कसल्या शिंपल्या! नुसता गाळ आहे. इकडे कोणी येत नाही."

होडी पुढे गेली. लाट चिखलाच्या कडेला येऊन परतली. कार्डवाली हातात रोप धरून तशीच उभी होती.

"धरून काय बसलीस," आई म्हणाली. "दे. पाणी यायच्या आत ही रांग संपली पाहिजे."